समुद्राचे शून्य, जमिनीचे शून्य

समुद्रापासून सुमारे सातशे किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाने सागरी लाटांची चिंता का वाहावी, असा प्रश्न ग्वाल्हेरच्या श्रोत्यांच्या मनात उभा राहिला तर त्यात नवल नाही. जयेंद्रगंजातल्या माणसाला पूर म्हणजे पावसाळ्यातला चंबळेचा किंवा सिंधेचा. त्सुनामी हा शब्दच मुळी जपानी, आणि २००४ सालापूर्वी तो आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर गेला होता. तथापि या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, शिंद्यांच्या लष्कराबरोबर इकडे येऊन स्थायिक झालेल्या कित्येक घराण्यांचे कुलदैवत आणि मूळ गाव आजही कोकणात आहे, आणि नव्या पिढीची मुले नोकरीसाठी मुंबईस राहतात. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. समुद्राचे पाणी किनाऱ्यावर कोठवर चढेल हे ज्या नकाशांवरून ठरवितात, त्या नकाशांचा इतिहास आपल्या मध्य हिंदुस्थानाशी फार जवळून निगडित आहे. तोच इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

रेल्वेच्या प्रत्येक मोठ्या स्थानकावरील पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ग्वाल्हेर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंच आहे. परंतु समुद्र तर क्षणभरही स्थिर राहत नाही. मग त्याची सपाटी कोणी आणि कशी ठरविली? मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरतीमापक यंत्र बसविलेले आहे. तरंगत्या गोळ्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर पाण्याची चढउतार अहोरात्र रेखाटीत राही. अशा नोंदी वर्षानुवर्षे घेऊन त्यांची सरासरी काढली म्हणजे त्या बंदराची सरासरी समुद्रसपाटी मिळते. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९०९ मध्ये कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टण, मद्रास, विशाखापट्टण आणि ओरिसाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणची सरासरी सपाटी शून्य मानली, आणि त्या शून्यापासून देशातील उंची मोजण्यात आली. ग्वाल्हेरच्या पाटीवरील आकडाही त्याच शून्याचा वंशज होय.

हे झाले उंचीचे. जागेचे स्थान ठरविण्याची कथा याहून जुनी आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी जोडीत तो उत्तरेकडे निघाला. वीस वर्षे हे काम करून, १८२३ च्या जानेवारीत, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याने देह ठेवला; त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे चालविले. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, आजच्या विदिशा जिल्ह्यातील सिरोंज येथे १८२४-२५ मध्ये त्याने आधाररेषा मोजली. पुढे चंबळ ओलांडून ही त्रिकोणांची माळ डेहराडूनपर्यंत नेण्यात आली, आणि सिरोंजची रेषा अधिक सुधारलेल्या साधनांनी १८३७-३८ मध्ये पुन्हा मोजली गेली. सिरोंजवरून त्रिकोणांच्या गणिताने काढलेली डेहराडूनच्या रेषेची लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चारशे मैलांच्या अंतरानंतर अवघ्या सात इंचांचा फरक पडला. सिरोंजजवळील कल्याणपूरची टेकडी हे भारताच्या सर्व नकाशांचे मूळस्थान ठरले. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुंबई असो की नागपट्टण, देशातील कोणत्याही बंदराचे अक्षांश-रेखांश शेवटी माळव्यातील या टेकडीपर्यंत येऊन पोचत असत.

इतकी काळजी घेऊन तयार केलेले हे नकाशे जमिनीचे होते. समुद्राचे नकाशे दुसऱ्याच लोकांनी, दुसऱ्याच हेतूने तयार केले. नाविकाला जहाज खडकावर न आपटता बंदरात न्यावयाचे असते. म्हणून त्याच्या नकाशातील खोली सरासरी सपाटीपासून मोजीत नाहीत, तर ओहोटीच्या अगदी नीचतम पाण्यापासून मोजतात. म्हणजे नकाशात लिहिली असेल त्याहून कमी खोली सहसा आढळणार नाही. मुंबईत हे नाविकांचे शून्य आणि सर्वेक्षण खात्याचे शून्य यांत सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. मुंबईच्या महानगरपालिकेने तर नळ आणि गटारे यांच्या मोजणीसाठी टाऊन हॉलच्या इमारतीवरून तिसरेच शून्य धरलेले आहे. एकाच शहराच्या किनाऱ्यावर अशी तीन शून्ये नांदत आली. जोवर जहाज पाण्यात आणि माणूस जमिनीवर राहत होता, तोवर त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. परंतु ज्या दिवशी समुद्रच जमिनीवर येतो, त्या दिवशी ही शून्ये जुळविल्यावाचून गत्यंतर नसते. दोन मीटर उंचीची लाट आणि अडीच मीटरांची चूक असा हिशेब असेल, तर अशा नकाशावरून काय निष्पन्न होणार?

त्सुनामीची लाट वाऱ्याने उठत नाही. समुद्राचा तळ भूकंपाने एकाएकी वर उचलला गेला किंवा खाली दबला, म्हणजे त्यावरील पाण्याचा सबंध स्तंभच हलतो आणि ते हलणे चोहोकडे पसरत जाते. या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. चार हजार मीटर खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते. पन्नास मीटर खोलीत तिचा वेग ऐंशी किलोमीटरांवर येतो आणि दहा मीटर खोलीत छत्तीसवर. पुढचा भाग मंदावला, मागचा भाग वेगात आहे, अशा स्थितीत पाणी साचत जाऊन लाट उंच होते. खोल समुद्रावरील जहाजाला जिचा पत्ताही लागत नाही, तीच लाट किनाऱ्यावर येऊन घरे उचलून नेते. म्हणूनच या लाटेचे गणित करावयाचे तर प्रथम समुद्राच्या तळाचा नकाशा हवा, आणि ती जमिनीवर चढल्यावर पुढे कोठवर जाईल हे सांगावयाचे तर किनाऱ्याच्या जमिनीचा नकाशा हवा.

मराठी मुलखाच्या किनाऱ्याला हे संकट अपरिचित नाही, फक्त ते विस्मरणात गेले आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ आठांहून अधिक प्रतीचा भूकंप झाला. पसनी गावाची धूळधाण उडाली. मृतांचा आकडा चार हजारांपर्यंत सांगण्यात येतो. समुद्रात चिखलाचे ज्वालामुखी उसळून नवी बेटे वर आली. लाट कच्छ आणि काठेवाडच्या बाजूने खाली उतरत सुमारे पाच तासांनी मुंबईस पोचली. मकरान ते मुंबई हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटरांचे. म्हणजे लाटेचा सरासरी वेग ताशी अडीचशे किलोमीटरांच्या आसपास पडला. खोल समुद्रातील वेगाच्या मानाने तो बराच कमी होय, आणि त्याचे कारण मुंबईसमोरील सागरमग्न खंडभूमीत आहे. ती सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आणि उथळ आहे. तिनेच लाटेला अडवून धरले. तरीही मुंबईत पाणी सुमारे दोन मीटर चढले, आणि वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरून काही माणसे वाहून गेली. हवामान खात्यातील चिं. ग. पेंडसे यांनी या भूकंपावर एक शास्त्रीय टिपण लिहिले. ते मोजक्याच पानांचे आहे. परंतु अरबी समुद्रातील त्सुनामीचे गणित मांडणाऱ्या आजच्या अभ्यासकांना त्याचा आधार घ्यावा लागतो. कारण संगणकाने काढलेले उत्तर बरोबर की चूक, हे ताडून पाहण्यास मुंबईत त्या दिवशी काय घडले याची विश्वसनीय नोंद हाताशी असावी लागते.

याही मागे गेले तर १५२४ सालापाशी आपण येतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. त्याचा काफिला दाभोळच्या आसपास असताना वारा नसतानाही समुद्र खवळला आणि जहाजे हादरू लागली. खलाशी घाबरले, गामाने मात्र, समुद्रच आपल्याला भिऊन कापत आहे, अशा अर्थाचे बोलून त्यांना धीर दिला, असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. ही हकीकत पुष्कळ दिवस केवळ दंतकथेसारखी पडून होती. पुढे दाभोळच्या उत्तरेस दापोली तालुक्यात केळशीच्या समुद्रकाठी वाळूचे जे उंच टेकाड आहे, त्याचा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अशोक मराठे यांनी अभ्यास केला आणि वाळूखाली दडलेल्या मनुष्यवस्तीच्या खुणा उजेडात आणल्या. त्यानंतर सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील थरांचे कालमापन व लाटेचे संगणकीय गणित यांची सांगड घातली, आणि १५२४ ची लाट मकरानच्या बाजूने आली असावी असे अनुमान २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. बखरीतले वाक्य, टेकाडातली वाळू आणि संगणकातले समीकरण असे तीन साक्षीदार एका जागी उभे राहण्याचा योग इतिहासात फार क्वचित येतो.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी आहे. ३१ डिसेंबर १८८१ रोजी निकोबार बेटांजवळ भूकंप झाला, आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या आठ भरतीमापक यंत्रांनी त्याची लाट कागदावर उतरविली. नागपट्टणचे यंत्र त्यांपैकी एक होते. लाट मीटरभराच्या आतलीच होती. कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. पुढे १८८३ च्या ऑगस्टात क्राकाटोआचा स्फोट झाला, त्याच्याही लाटा आपल्या यंत्रांनी टिपल्या. म्हणजे सुमात्रा-निकोबारकडून निघालेली लाट आपल्या किनाऱ्यावर येते, एवढेच नव्हे तर किती वेळात येते, हे १८८१ पासून सरकारी दप्तरात लिहिलेले होते. तरीही २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रापाशी नऊ प्रतीहून मोठा भूकंप झाला तेव्हा, लाट तामिळनाडूस पोचेपर्यंत मिळालेले दोन-अडीच तास वाया गेले. किनाऱ्याला कोणी सूचना दिली नाही. ती देणारी यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे मेली आणि कित्येक हजार बेपत्ता झाली. हिंदी महासागराभोवतीच्या देशांत मिळून हा आकडा सव्वादोन लाखांच्या पुढे गेला. भारताच्या मुख्य भूमीवर सर्वांत मोठा घाला पडला तो नागपट्टणवर. देशाच्या उंचीचे शून्य ज्या नऊ बंदरांनी ठरविले त्यांपैकीच हे एक. ज्या गावाने समुद्राची सपाटी देशाला सांगितली, त्या गावाला समुद्र सपाटी सोडणार आहे हे कोणी सांगितले नाही.

यानंतर जे काम झाले ते खरोखर प्रशंसनीय आहे. हैदराबादच्या सागरी माहिती सेवा केंद्रात १५ ऑक्टोबर २००७ रोजी भारताचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. भूकंप झाल्यावर लाटेचे गणित मांडावयास बसले तर वेळ पुरत नाही. म्हणून मकरान आणि अंदमान-सुमात्रा या दोन्ही पट्ट्यांत कोठे, किती मोठा भूकंप झाल्यास कोणत्या किनाऱ्यावर किती वेळात किती पाणी येईल, याची असंख्य उदाहरणे येथे आधीच सोडवून ठेवलेली आहेत. भूकंपाची जागा आणि प्रत समजताच त्यांतले जुळणारे उत्तर काढावयाचे, आणि समुद्रातील दाबमापक व बंदरांतील भरतीमापक यांवरून ते पडताळावयाचे, अशी ही पद्धत आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्रेच्या पश्चिमेस ८.६ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मोठी लाट येणार नाही हा निर्णय याच रीतीने झाला, आणि लाखो लोकांना विनाकारण घरेदारे सोडून पळावे लागले नाही. खोटी भीती टाळणे हेही इशारा केंद्राचे तितकेच मोठे कर्तव्य आहे. कारण दोनदा विनाकारण पळालेला मनुष्य तिसऱ्यांदा जागचा हलत नाही.

आता सामान्य मनुष्याच्या हाती आलेल्या नकाशांकडे वळू. आपल्याकडे पुष्कळ वर्षे सीमेलगतचे आणि किनाऱ्यालगतचे तपशीलवार नकाशे निर्बंधित होते. ज्याच्या दाराशी समुद्र, त्यालाच आपल्या दाराचा नकाशा मिळत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने हे बंधन सैल केले. त्याच वर्षी गूगलचे नकाशे जगासमोर आले, आणि २००९ मध्ये आपल्या अवकाश संशोधन संस्थेने ‘भुवन’ हा ऑनलाइन नकाशा खुला केला. लौकरच असे नकाशे निघाले की, ज्यांत समुद्र पाच मीटर चढवा असे सांगताच पाच मीटरांखालील सारी जमीन निळी होते. शाळकरी मुलगासुद्धा आपल्या आजोळच्या गावावर पाणी चढवून पाहू शकतो. ही सोय फार मोठी आहे, आणि तिची थट्टा करणे योग्य होणार नाही. परंतु ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट ओळखले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, या नकाशांतील जमिनीची उंची बहुधा आली ती एका अंतराळयानावरून. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांत पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. मानवी पराक्रमाच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. पण रडार वरून पाहते. त्याला नारळाच्या झावळ्या दिसतात, कौले आणि गच्च्या दिसतात. खालची जमीन दिसतेच असे नाही. शिवाय जगासाठी खुली केलेली ही उंची नव्वद मीटरांच्या चौकोनाला एक, आणि तीही पूर्ण मीटरांत दिलेली होती. त्यामुळे दाट वस्तीचा आणि दाट झाडीचा किनारा नकाशात खऱ्यापेक्षा उंच, म्हणजेच खऱ्यापेक्षा सुरक्षित दिसे. ही चूक दोन मीटरांची आणि कोठे कोठे त्याहून अधिक असे. २०१९ मध्ये काही संशोधकांनी ती दुरुस्त करून नवे नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा मुंबईचा मोठा भाग भरतीरेषेखालील म्हणून रंगविलेला पाहून वर्तमानपत्रांत एकच खळबळ उडाली. मुंबईची जमीन एका रात्रीत खचली नव्हती. फक्त जमिनीच्या डोक्यावरची झाडे आणि घरे हिशेबातून वजा झाली होती.

दुसरी गोष्ट याहून मूलगामी आहे. असा नकाशा समुद्राला हौदातल्या पाण्यासारखा मानतो. पातळी वाढली की सर्वत्र सारखीच वाढली. समुद्र सावकाश, वर्षानुवर्षे चढत असेल तर हे काही अंशी ठीक आहे. पण त्सुनामी ही धावती लाट आहे. तिला वेग आहे, ती खाडीतून आत शिरते, दोन डोंगरांच्या चिंचोळीत उंच होते, खारफुटीच्या दाटीत मंदावते आणि परत फिरताना आणखी नाश करते. वाळूचा बांध उंच असेल तर त्यामागील खोलगट जागा कोरडी राहू शकते. उलट, नकाशात सुरक्षित दिसणारी उंच जागा लाटेच्या धडकेने भिजू शकते. त्यातही मुंबईसारख्या ठिकाणी उधाणाच्या भरतीओहोटीत सुमारे पाच मीटरांचा फरक पडतो. तेथे लाट भरतीच्या वेळी आली की ओहोटीच्या, यावर सर्व काही अवलंबून राहते. म्हणून खऱ्या प्रतिमानात समुद्रतळाची खोली आणि जमिनीची उंची एकाच शून्यावर आणतात, प्रदेशाचे बारीक चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनातील पाणी क्षणाक्षणाला शेजारच्या चौकोनात किती जाईल हे मोजतात. किनाऱ्याजवळ हे चौकोन अधिकाधिक बारीक करावे लागतात, कारण एखादा दगडी बंधारा किंवा एखादी खाडीची वाट निकाल बदलून टाकते.

येथेच इतिहासाचा धडा स्पष्ट होतो. एव्हरेस्टला सात इंचांची चूक दिसली, कारण त्याने डेहराडूनची रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली. गणित कितीही सुंदर असले तरी ते जमिनीवर ताडून पाहिल्यावाचून त्याने विश्वास ठेवला नाही. आजचा ऑनलाइन नकाशा आपल्याला क्षणात उत्तर देतो, आणि क्षणात मिळालेले उत्तर ताडून पाहण्याची इच्छाच माणसाला उरत नाही. कोकणातील प्रत्येक गावाने आपल्या किनाऱ्याची, खाडीची, बंधाऱ्याची आणि उंच टेकाडांची मोजणी स्वतः करून ती नकाशाशी जुळविली पाहिजे. गावातील शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या आवाक्याबाहेरचे हे काम नव्हे. ओरिसातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी आपली पळण्याची वाट, आपली सुरक्षित जागा आणि आपला सराव ठरविला, आणि २०२० मध्ये त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून त्यांना युनेस्कोची मान्यता मिळाली. ओरिसाच्या मच्छीमारांना जे साधले ते रत्नागिरीच्या आणि रायगडच्या मच्छीमारांना का साधू नये?

आणखी एक शक्ती नकाशाच्या जोडीला हवी. ती म्हणजे आठवण. सुमात्रेजवळ सिमेलू नावाचे बेट आहे. तेथे १९०७ मध्ये लाटेने अनर्थ केला, आणि तेव्हापासून वडीलधाऱ्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली: जमीन हादरली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे धावा. २००४ साली हे बेट भूकंपाच्या अगदी शेजारी होते. लाट काही मिनिटांत आली. तेथे कोणताही इशारा पोचला नाही, कोणाजवळ नकाशा नव्हता. तरी सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसे दगावली. आपल्याकडे १९४५ ची लाट पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या आठवणी कोळीवाड्यांतून गोळा करून लिहून ठेवण्यास अजून थोडाच अवकाश उरला आहे. पेंडशांच्या टिपणाला जेवढे मोल आले, तेवढेच या आठवणींनाही येईल. जमिनीचे शून्य आणि समुद्राचे शून्य जुळविण्याचे काम सर्वेक्षक आणि शास्त्रज्ञ करतील. पण त्यांनी काढलेले उत्तर घरातील आजीने नातवाला सांगितल्यावाचून किनाऱ्यावरचा मनुष्य वेळेवर उठून टेकडीकडे चालू लागणार नाही.